पाऊस सगळ्यांचा, गाळ कुणाचा?

 

मी बचत गटांची समन्वयक. एरवी माझ्या तोंडी हप्ता, व्याज, पासबुक, बँकेचा फॉर्म हेच विषय असतात. आज मात्र मी जेसीबीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आमचा आणि जेसीबीचा काय संबंध? आमच्या गटालाही आधी तसंच वाटत होतं. मग एका पावसात पाच जणींचे भाताचे तरवे मुरमाखाली गेले, तेव्हा संबंध कळला.

आमचं गाव भोर तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याशी. वर माळ, माळाखाली भाताची खाचरं, मधून एक ओढा आणि ओढ्याच्या काठाला गावाच्या नळयोजनेची विहीर. दोन वर्षांपूर्वी वरचा माळ विकला गेला. शहरातल्या लोकांसाठी तिथे प्लॉटिंग सुरू झालं. फेब्रुवारीत जेसीबी आला. गवत, करवंदीच्या जाळ्या, दगडी ताली सगळं खरवडून काढलं. डोंगरात पायऱ्या पाडल्या आणि वरून खाली सरळ उतरणारा रस्ता केला. निघालेला मुरूम ओढ्याच्या कडेला ढकलून दिला. आम्ही येता-जाता बघत होतो. कुणाची तरी जमीन, कुणाचं तरी काम, आपण कशाला बोला, असं म्हणून पुढे जात होतो.

मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी नळाला चहासारखं पाणी आलं. लोक म्हणाले, पहिला पाऊस आहे, होतं असं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी आमच्या गटातल्या एक मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, माझा तरवा कुठाय ते येऊन दाखव मला," एवढंच बोलल्या. आम्ही जाऊन पाहिलं. वाफ्यांवर चार बोटं मुरूम बसला होता. हिरवं काही दिसत नव्हतं. मावशींनी बियाण्या-खतासाठी गटातून आठ हजार रुपये कर्ज घेतलं होतं.

आम्ही सात-आठ जणी वर गेलो. तिथला मुकादम काही उद्धट नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पण आमचं ऐकून झाल्यावर म्हणाला, "ताई, पाऊस काय आम्ही पाडला का?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. मुकाट्याने खाली आलो. आज मी तुम्हाला त्या प्रश्नाचं उत्तर सांगायला आले आहे, म्हणजे तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्ही मुकाट्याने परत येणार नाही.

आधी जरा हिशोब करू. हिशोब आपल्याला जमतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होतं. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे दहा गुंठ्यांवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! आमच्या घाटमाथ्याकडे 100 मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडतो, त्यात नवल काही नाही.

हे पाणी आधीही पडतच होतं. पण माळावर गवत होतं. थेंब गवतावर पडायचा, त्याचा जोर मोडायचा. मुळांच्या वाटेने थोडं पाणी मुरायचं, उरलेलं तालींना अडत अडत सावकाश ओढ्याला जायचं. गवत काढलं की थेंब थेट मातीवर आपटतो आणि तिचे कण सुटे करतो. वर जेसीबीच्या वजनाने जमीन दाबली जाते, त्यामुळे पाणी मुरत नाही. रस्ता सरळ उताराला केला की पाण्याला पळायला वाट मिळते. जितकं वेगाने पळेल तितकी जास्त आणि जाड माती ते उचलतं. आणि खाचरात आलं की सपाटीवर त्याचा वेग मोडतो आणि उचललेलं सगळं ते तिथेच टाकतं. म्हणून वरची माती नेमकी आपल्याच वाफ्यात येऊन बसते.

म्हणजे मुकादमाच्या प्रश्नाचं उत्तर असं: दादा, पाऊस तुम्ही पाडला नाही, पण माती तुम्ही मोकळी केली. पाऊस सगळ्यांचा आहे. गाळ तुमचा आहे.

हा प्रश्न फक्त तरव्यापुरता नाही. आमच्याच तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडी आहे. जून 2013 मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला. रस्त्याच्या वरचा डोंगर कापलेला होता, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या. पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. दोघींचा जीव गेला. ती बातमी आम्ही सगळ्यांनी तेव्हा वाचली होती, हळहळलो होतो. पण आपल्या वरच्या माळाकडे बघताना ती आठवली नाही, ही आमची चूक.

आता उपाय काय? गंमत अशी की उपाय आपल्याला माहीत आहेत. आपल्या सासवा, आज्या 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेल्या होत्या. त्यांनी चर खणले, ताली रचल्या, नालाबांध घातले. पुढे पाणलोटाच्या कामांत आपणही तेच केलं. माथा ते पायथा हे शब्द आपल्याला पाठ आहेत. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालणाऱ्या पाण्याला थांबवायचं. बांधकामाच्या जागेवर करायचं ते हेच. फरक इतकाच की शेतात ते आपण आपल्या गरजेने करतो आणि बांधकामावर कुणीतरी मागितल्याशिवाय होत नाही. आणि मागायचं ते आधी, लेखी आणि पावसाच्या अगोदर.

आम्ही मागितलं उशिरा. पहिल्या वर्षी आमची धावपळ कशी झाली ते सांगते. ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, जागा गावठाणाबाहेर आहे, परवानगी आमच्या हातात नाही. हे खरं होतं आणि ते आपल्याला माहीत असायला हवं. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 मध्ये ते आहे. गावठाणाबाहेरच्या जागेची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून किंवा जिथे विकास प्राधिकरण असेल तिथे त्यांच्याकडून मिळते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: परवानगी कुणी दिली आणि तिच्यात अटी काय आहेत? कुणी कागद दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करायचा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरा प्रश्न मुरमाचा. खोदलेली माती, मुरूम हे गौण खनिज आहे. पायासाठी खोदलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली तर त्यावर स्वामित्वधन घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. पण ती ट्रॅक्टर-डंपरने बाहेर नेऊन विकली, तर महसूल खात्याची परवानगी लागते. विनापरवाना असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली तहसीलदार बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड करू शकतात. म्हणून डंपर बाहेर जाताना दिसले तर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवायचा. आपल्याकडे हिशोबाची वही असतेच, तिच्या मागच्या पानावर लिहा.

तिसरा प्रश्न उताराचा. एक आकडा लक्षात ठेवा, एकास पाच. पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ. त्याहून उभ्या डोंगरउतारावर खोदाई आणि बांधकामाला राज्याच्या नियमांत बंधनं आहेत. हे मोजायला इंजिनीअर लागत नाही. पाच फुटांची सरळ काठी घ्या, एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवा आणि काठी आडवी धरा. काठीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली की काठी सरळ आहे का ते कळतं. आता दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते बघा. एक फुटापेक्षा जास्त असेल तर अर्जात तसं लिहा आणि सरकारी मोजणी मागा.

चौथी गोष्ट राडारोड्याची. बांधकामाचा कचरा रस्त्यावर किंवा गटारात अडथळा होईल असा टाकायचा नाही, हे केंद्र सरकारने 2016 साली काढलेल्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि वीस हजार चौरस मीटरहून मोठं बांधकाम असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. अशा मंजुरीत वरची सुपीक माती आधी काढून वेगळी राखून ठेवायची आणि नंतर झाडं लावताना वापरायची, अशा अटी असतात. ती मंजुरीची प्रतही मागता येते.

हे सगळं आम्ही शिकलो ते धक्के खात. तहसीलला अर्ज दिला, मंडळ अधिकारी आले, पंचनामा झाला. पण पंचनाम्याला आम्ही काय दाखवलं माहीत आहे? दोन बाटल्या. ही युक्ती आमच्या गटातल्या एका सुनेची. ती म्हणाली, पाऊस पडत असताना एक बाटली प्लॉटिंगच्या वरच्या अंगाला ओढ्यातून भरायची आणि तेव्हाच दुसरी प्लॉटिंगच्या खालून. दोन्हींवर तारीख, वेळ लिहायची आणि फोटो काढायचा. रात्रभर ठेवल्यावर वरच्या बाटलीच्या तळाला नखाएवढा गाळ होता. खालच्या बाटलीत दोन बोटं मुरूम बसला आणि वरचं पाणी तरी लालच राहिलं, कारण बारीक चिकणमाती लवकर खाली बसत नाही. साहेबांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन बघितल्या. त्यानंतर पाऊस कुणी पाडला हा प्रश्न कुणी विचारला नाही.

ऑगस्टमध्ये मालकाने दोन गाळखड्डे खणले, ओढ्याकडेचा ढीग मागे घेतला. पण आवणी केव्हाच होऊन गेली होती. मावशींनी दुसऱ्या गावाहून रोप विकत आणून निम्मं खाचर लावलं, निम्मं पडीक राहिलं. नुकसानभरपाई त्यांना आजपर्यंत मिळालेली नाही. गटाने त्यांचे हप्ते पुढे ढकलले, व्याज सोडलं. एवढंच आमच्या हातात होतं. म्हणून मी आज हे एप्रिलमध्ये सांगते आहे, जूनमध्ये नाही.

पुढच्या वर्षी आम्ही 1 मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा धरली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? आम्ही तिथे बसून ठराव लिहिला आणि सरपंच ताईंनी तो ग्रामसभेत मांडला. गावात कुठेही खोदाई-बांधकाम करणाऱ्याने काय करायचं, याचे आमचे नियम मी वाचून दाखवते. वही-पेन असेल तर घ्या.

एक. उतारावरची खोदाई 31 मेपर्यंत संपवायची. जून ते सप्टेंबर नवीन उतार उघडा करायचा नाही. जेवढं बांधायचं तेवढंच उघडायचं.

दोन. जागेच्या वरच्या अंगाला आडवा चर काढायचा, म्हणजे डोंगरावरून येणारं चांगलं पाणी उघड्या मातीत न शिरता बाजूने ओढ्याला जाईल.

तीन. जागेच्या खालच्या अंगाला दगडी ताल किंवा मातीच्या पोत्यांचा बांध आणि त्यामागे गाळखड्डा. मोठ्या पावसानंतर खड्डा उपसायचा. भरलेला खड्डा असून नसल्यासारखा.

चार. मातीचे ढीग ओढ्यापासून, गटारापासून आणि विहिरीपासून लांब ठेवायचे, ताडपत्रीने झाकायचे.

पाच. ओढ्यात भराव नाही. ओढ्याची रुंदी कमी करायची नाही, त्यावर बारीक नळी टाकून रस्ता करायचा नाही.

सहा. रस्ता सरळ उताराला न काढता आडवा, वळणाने काढायचा. गाड्या बाहेर पडतात तिथे जाड खडी टाकायची, म्हणजे चाकांची माती डांबरी रस्त्यावर येणार नाही.

सात. काम थांबलं की उघड्या उतारावर गवत लावायचं, वाळा लावायचा. उगवेपर्यंत पेंढा पसरायचा.

आठ. जागेवर पाटी लावायची. परवानगी कुणाची, क्रमांक काय, जबाबदार माणूस कोण, फोन कुठला. आणि गाळ बाहेर आलाच तर काढायचा खर्च त्याचा.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे राज्याचा कायदा नव्हे, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. गावठाणात ग्रामपंचायत परवानगी देताना या अटी घालू शकते. गावठाणाबाहेर आम्ही ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला पाठवतो, पोच घेतो. मग उद्या काही झालं तर 'आम्हाला कुणी सांगितलं नाही' असं कुणाला म्हणता येत नाही.

आता ठरावानंतर पहिली तक्रार कुणाची आली सांगू? माझ्याच घरची. माझे दीर घर बांधत होते. पायाचा मुरूम त्यांनी रस्त्याकडेच्या गटारावर टाकला होता, दोन दिवसांत उचलू म्हणून. दोन दिवसांचे बारा दिवस झाले. मासिक बैठकीत एक वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, शहरवाल्यांना नियम आणि तुमच्या दिरांना सूट का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री घरी बोलणं काढलं. भाऊजी चिडले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "ती खोटं काय बोलली? खाली म्हातारीच्या दारात पाणी शिरलं तर शिव्या आपल्यालाच बसणार." तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बोलावून मुरूम उचलला. ट्रॅक्टरचे पैसे गेले. पण त्यानंतर प्लॉटिंगच्या मालकाला फोन करताना माझा आवाज अडखळला नाही.

म्हणून सांगते, नियम आपल्या दारापासून सुरू करा. घरकुल असो, गोठा असो, शाळेची भिंत असो. ज्या गावात गावकऱ्यांचे ढीग गटारावर असतात, त्या गावाचं बाहेरचा माणूस ऐकत नाही.

गेल्या पावसाळ्यात काय झालं? वरच्या माळावर चर होता, दोन गाळखड्डे होते, पोत्यांचा बांध होता. एकदा बांध फुटला. तेव्हा फोन केला, दुसऱ्या दिवशी माणसं आली. नळाला दोनदा गढूळ पाणी आलं, पण आधीसारखं आठवडाभर नाही. मावशींचा तरवा उभा राहिला. माळावरचं जुनं गवत काही परत आलं नाही, ओढ्याचा डोह अजून गाळाने भरलेला आहे, तो काढायचं काम यंदा रोजगार हमीत सुचवलं आहे.

जाता जाता विहिरीबद्दल एक गोष्ट. पाणी गढूळ असताना त्यात नुसती टीसीएल पावडर टाकून भागत नाही, गाळामुळे तिचा गुण कमी होतो. घरी पाणी तुरटी फिरवून निवू द्या, वरचं गाळून घ्या आणि मग उकळून प्या. लहान लेकरं आणि बाळंतीण घरात असेल तर यात आळस करू नका. गढूळ पाण्याची तारीखही वहीत लिहा.

तर मैत्रिणींनो, वळीव यायला फार दिवस नाहीत. या आठवड्याच्या गट बैठकीत हप्ते गोळा झाले की उठू नका. दहा मिनिटं जास्त बसा. गावात कुठे कुठे जमीन उघडी आहे ते आठवा, बोटावर मोजा. मग दोघी-तिघी जाऊन बघून या. पाणी वरून कुठून येईल, खाली कुणाच्या खाचरात, कुणाच्या दारात, कुठल्या विहिरीत जाईल ते बघा. आपण पाण्यामागे जन्मभर चाललेल्या बायका आहोत, पाण्याची वाट आपल्याला नकाशाशिवाय कळते. जे दिसेल ते लिहा आणि महिला सभेत मांडा. 1 मेची ग्रामसभा चुकवू नका.

आणि कुणी विचारलंच, पाऊस काय आम्ही पाडला का, तर आता तुमच्याकडे उत्तर आहे. शक्य झालं तर दोन बाटल्याही असू द्या.

नमस्कार.